अव्वाचा आजचा आकडा

१३ जुलै २०२५, रविवार

मोजणीला गेलो की मी आधी वही उघडतो, मग यंत्र. भूमी अभिलेखच्या कार्यालयात भूकरमापक म्हणून अठ्ठावीस वर्षं झाली, आता ही सवय जायची नाही. आज अव्वाच्या, माझ्या आईच्या, नावानं वही उघडली आहे.

गेल्या सोमवारी अव्वा गावी न्हाणीत घसरून पडली. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. शेजारच्या पंचफुलाबाई ताक द्यायला आल्या म्हणून कळलं, तोवर ती चाळीस मिनिटं ओल्या फरशीवर पडून होती. डाव्या मनगटाला प्लास्टर घातलं, बाकी काही मोडलं नाही. त्या चाळीस मिनिटांत मी मुदखेडकडं एका बांधावर उभा राहून दोन सख्ख्या भावांचं दीड फुटाचं भांडण मोजत होतो. चाळीस हा आकडा डोक्यातून जात नाही.

नांदेडला आम्हा नवराबायकोकडं चल म्हणालो, तर साफ नाही म्हणाली. "तू हापिसात, उज्वला शाळेत. मी दिवसभर काय भिंतीला बोलू का?" औशाच्या पुढं आमचं गाव, इथून दोनदा बस बदलून पाच तास. रोज जाणं शक्य नाही आणि न जाणं बघवत नाही. मी एकुलता एक आहे, दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयही नाही.

२० जुलै, रविवार

काम फत्ते. लातूरहून कंपनीचा भुजंग नावाचा माणूस आला आणि तीन तासांत सगळं बसवून गेला. एक कॅमेरा स्वयंपाकघरात, एक न्हाणीच्या दाराबाहेर, आणि बाहेरच्या सोप्यात भिंतीतल्या देवळीत एक बोलणारी डबी. तिलाही डोळा आहे. अव्वा उठली, बसली, जेवली, गोळी घेतली, सगळं माझ्या फोनवर येतं. रोज रात्री आठला शंभरपैकी आकडा मिळतो. पहिल्या दिवसाचा आकडा ७१.

हे काय म्हणून अव्वानं विचारलं. चोरांसाठी आहे, म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिनं बसवू दिलं नसतं. तिच्या भल्यासाठीच आहे, तेव्हा यात खोटं असं काही नाही.

भुजंगला मी आमच्या खात्याची गंमत सांगितली. लगतच्या शेतकऱ्याला नोटीस दिल्याशिवाय आम्ही कुणाच्या रानात पाय ठेवत नाही, नाहीतर सगळी मोजणी रद्द. तो हसला. म्हणाला, साहेब, आमच्याकडं तसलं काही नसतं.

२४ जुलै, गुरुवार

दुपारी फोनमधून पहिल्यांदा बोललो, "अव्वा, दुपारची गोळी राहिली." तिच्या हातातलं सूप खाली पडलं, तांदूळ सगळीकडं. बराच वेळ ती देवळीकडं बघत उभी राहिली. मग पदर डोक्यावरून घेतला आणि खाली बसून एका हातानं तांदूळ गोळा करू लागली.

मला मात्र समाधान वाटलं. गोळी तिनं चार मिनिटांत घेतली.

३ ऑगस्ट, रविवार

आकडा साठच्या वर जाईना. कारण सापडलं. "भोजन: आढळले नाही." सकाळी नाही, संध्याकाळी नाही. भाकरी थापताना दिसते, ताट वाढून घेताना दिसते, मग ताट घेऊन उतरंडीमागच्या कोपऱ्यात जाते आणि दहा मिनिटांनी रिकामं ताट घेऊन येते. जेवते की कुत्र्याला घालते, कुणास ठाऊक. घरात एकटी असूनही दिवसभर डोक्यावर पदर. उकाड्यानं घामाघूम होते, पण पदर काढत नाही.

आजही बोललो. अव्वा, कॅमेऱ्यासमोर बसून जेव. ती ताट घेऊन समोर आली, बसली, आणि ताटाकडं बघत राहिली. घास काही घेतला नाही. शेवटी झाकून ठेवलं.

विस्मरणाची ही सुरुवात असू शकते, असं एके ठिकाणी वाचलं. खाण्याच्या सवयी बदलतात म्हणे. उज्वला म्हणाली, तुम्ही आईच्या खोलीत शिरताना तरी खाकरता का. मी म्हणालो, मी तिच्या खोलीत नाही, नांदेडला आहे. यावर तिनं भांडी जरा जोरात ठेवली.

१६ ऑगस्ट, शनिवार

एक गोष्ट मार्गी लावली. रोज दुपारी फोन वाजायचा, "घरात अनोळखी व्यक्ती." दरवेळी चार गुण कमी. बघावं तर पंचफुलाबाई. तीन ते पाच सोप्यात बसून दोघींच्या गप्पा, वाती वळणं, एकमेकींच्या डोक्याला तेल. त्यांचा चेहरा यंत्रात जोडता येतो, एक फोटो काढला की झालं. पण मग आणखी चार बायका येतील, त्यांचेही जोडावे लागतील. याला अंत नाही.

म्हणून आज डबीतूनच नम्रपणे सांगितलं. बाई, अव्वाला दुपारी आराम सांगितला आहे, जरा कमी येत चला. त्या उठल्या. डबीकडं न बघता अव्वाला म्हणाल्या, "जाते शांतम्मा. तुझ्या घरात नवीन माणूस आलाय." अव्वा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

उज्वलानं विचारलं, तुमच्या भावकीतली बाई असती तर हेच सांगितलं असतं का. पंचफुलाबाई बौद्ध आहेत, आमच्या घराला घर लागून त्यांचं, आणि माझ्या मनात तसलं काही असणं शक्यच नाही. प्रश्न फक्त गुणांचा होता. तसं मी तिला दोनदा समजावून सांगितलं.

आजचा आकडा ६४.

२८ सप्टेंबर, रविवार

दीड महिना वही हातात घेतली नाही. पावसानं अर्धा मराठवाडा पाण्यात घातला. पंचनामे, वाहून गेलेले बांध, साहेबांच्या बैठका. गावी जाणं झालं नाही. पण खरं सांगायचं तर जाण्याची गरजही वाटली नाही. चिखलात उभा असतानासुद्धा अव्वा माझ्या खिशात असते. बैठकीत फोन टेबलाखाली धरून बघतो. परवा साहेबांनी मुदखेडच्या प्रकरणाचं विचारलं आणि मी म्हणालो, "अजून उठली नाही." सगळे हसले.

आता तिला चांगलं वळण लागलं आहे. सकाळी उठते, डबीसमोरच्या बाजेवर बसते, संध्याकाळपर्यंत बसलेलीच असते. रानात जात नाही, ओट्यावर जात नाही, म्हणजे घसरण्याचा प्रश्न नाही. परवाचा आकडा ७९. मनःस्थिती: शांत.

आलेख छापून इथल्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, आईला घेऊन या. मी म्हणालो, कागदात सगळं आहे. ते म्हणाले, कागदाची नाडी लागत नाही. जुन्या वळणाचे डॉक्टर आहेत.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

दिवाळीला गावी गेलो नाही. साहेबांनी सुट्टी दोनच दिवसांची दिली आणि त्यातले दहा तास बसमध्येच गेले असते. अव्वानं दारात पणती लावलेली फोनवर दिसली, ते बघून बरं वाटलं.

कंपनीनं नवीन सोय दिली आहे. आपला आवाज वीस मिनिटं वाचून नोंदवायचा, मग डबी आपल्याच आवाजात बोलते. मी मोजणीची नियमावली वाचून आवाज दिला, हाताशी तेवढंच होतं. अव्वा म्हणायचं, आई नाही, हेही नोंदवलं. स्वभाव दोन होते, "नेमका" आणि "धीर देणारा". मी दुसरा निवडला.

याची गरज होतीच. दिवसातून सहा वेळा मी तिच्याशी काय बोलणार? "गोळी घेतलीस का, जेवलीस का, बरं, ठेव." तिलाही कंटाळा, मलाही. आता डबी बोलेल आणि संध्याकाळी मला सारांश येईल. अव्वाला हे सांगितलेलं नाही. उगाच गोंधळेल.

९ नोव्हेंबर, रविवार

ती जेवते आहे! कॅमेऱ्यासमोर बसून दोन्ही वेळ जेवते आहे. गुरुवारी ९६. भुजंगला फोन करून सांगितलं, तो म्हणाला हा त्यांच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा आकडा आहे. मी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगता आलं नाही, मुलीला बढती मिळाली म्हणालो.

एकच खटकलं. ती दोन ताटं वाढते. एक देवळीसमोर ठेवते, थोडा वेळ थांबते, मग पाठ अर्धी वळवून आपलं खाते. नंतर ते पहिलं ताट झाकून बाहेर घेऊन जाते. घरात माणसं किती हेही तिला आठवेना झालं असावं. विस्मरणाच्या रकान्यात नोंद केली.

सारांश रोज येतो. कालचा असा: "संभाषण: ४७ मिनिटे. विषय: आठवणी, पाऊस, शेजार. मनःस्थिती: प्रसन्न. शेरा: ३." शेऱ्यावर लाल ठिपका असतो. सवडीनं बघेन.

५ डिसेंबर, शुक्रवार

आकडा ९७. शेरे १८८ झाले आहेत. ऑफिसात कनिष्ठांना मी नेहमी ओरडतो की नकाशा नंतर, आधी शेरा वाचा, सगळी भांडणं शेऱ्यात असतात. पण ते जमिनीचं झालं. इथं आकडाच इतका चांगला आहे की शेऱ्यात काय असणार?

११ डिसेंबर, गुरुवार

अव्वाचा स्वतःहून फोन आला. पंचफुलाबाईंच्या मुलाच्या, आनंदराजच्या फोनवरून केला होता. तो औशाला तहसीलमध्ये कारकून आहे. म्हणाली, मल्लिनाथ, येळवशीचं नक्की ना. माझ्यासमोर दोन पक्ष वकील घेऊन बसले होते. हो हो म्हणालो, नंतर बोलतो, बरं, ठेव.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, एकोणीसला आहे. लातूर जिल्ह्याला सुट्टी असते, गावंच्या गावं रानात जेवायला जातात. नांदेडला कसली सुट्टी? त्या दिवशी माझ्याकडं सुनावणी आहे. अव्वाला माहीत आहे की मी सहा वर्षांत आलेलो नाही, सहज विचारलं असेल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ८.१०. व्यक्ती घरात नाही. आकडा ०.

९.३०. अजून नाही. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती पहाटे तीनपासून. शेवटचं चित्र: अव्वा सोप्यात, नवं लुगडं, उंबऱ्यापाशी आंबिलानं भरलेलं मडकं, आमचं बिंदगं, त्यावर घोंगडी. ती रस्त्याकडं बघते आहे. आमच्या घरात बिंदगं घरच्या पुरुषानं डोक्यावर न्यायचं असतं. तिला कुणीतरी फसवून नेलं का?

१०.४५. कुणाचाच फोन लागत नाही. सरपंच, सोसायटी, आनंदराज. सगळं गाव रानात.

११.०५. ११२ ला फोन केला. वय अठ्ठ्याहत्तर, स्मृती गेलेली, घरातून बेपत्ता.

दुपारी १.२०. सापडली. आमच्याच रानात. सुनावणी पुढं ढकलली. मी फार बोललो की काय, हे आत्ता लिहिणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार

आता लिहितो. लिहिल्याशिवाय गावी जाण्याचं तोंड नाही.

काल पोलिसांची गाडी थेट आमच्या रानात, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपर्यंत गेली. तिथं वीस-पंचवीस माणसं पंगतीला बसली होती. हवालदारांनी मला फोन लावला आणि म्हातारीला नीट ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. भला माणूस होता. मी त्या मोठ्या आवाजात माझ्या आईला सगळ्या गावासमोर विचारलं की डोकं ठिकाणावर आहे का तुझं, कुणाला विचारून घराबाहेर पडलीस.

मग ती म्हणाली, "तू येतो म्हणालास की रं. तीन येळा म्हणालास."

मी म्हणालो, मी कधी म्हणालो? आणि मग हवालदारांना सांगितलं, साहेब, तिला काही आठवत नाही, विस्मरण आहे, तशी नोंद करा. ती तिथंच उभी होती, ऐकत. पंगत ऐकत होती.

हवालदारांनी तिला विचारलं, आजी, आज वार कोणता. "शुक्रवार," ती म्हणाली. "येळवस हाय. तुमीबी बसा, जेवून जा." फोन चालूच राहिला होता. मला भाकरीचं टोपलं ओढल्याचा आवाज आला, आणि हवालदार हळू आवाजात कुणाला तरी म्हणाले, म्हातारी ठणठणीत हाय, पोराचं काहीतरी बिघडलंय.

संध्याकाळी मी शेरे उघडले.

"५ डिसें. मातोश्रींनी येळवशीला येण्याविषयी विचारले. 'येतो' असे आश्वासन दिले. कृपया पुष्टी करा." "८ डिसें. बिंदगं कोण नेणार असे विचारले. 'मीच नेईन' असे आश्वासन दिले. कृपया पुष्टी करा." "१७ डिसें. बाजरीचे उंडे किती करू असे विचारले. 'माझ्यासाठी पाच' असे उत्तर दिले. मातोश्री अत्यंत प्रसन्न. कृपया पुष्टी करा." शेवटचा काल पहाटेचा. "मातोश्री विचारतात, कोणत्या बसने निघालात. 'वाटेत आहे' असे सांगितले. तातडीने पुष्टी करा."

यंत्रानं मला चौदा दिवस विचारलं. मी नुसता आकडा बघत होतो.

मग जुने शेरे वाचले आणि त्यांच्याखालची बोलणी ऐकली. सगळी नाही ऐकवली. एका ठिकाणी ती सांगत होती, "आधी चोरासाठी हाय म्हणालास, मग त्यातून तूच बोललास. कधी बगतोस, कधी न्हाई, मला काय कळतंय? तुझा बाप जेवल्याबिगर मी कधी घास घेतला न्हाई, आन् तुझ्या डोळ्यासमोर तुझ्या आधी कशी खाऊ? म्हणून आता तुझं ताट वाढते, मग खाते." हेच ते मी विस्मरणाच्या रकान्यात लिहिलं. हे माझंच घर आहे. या घरात मी चोपन्न वर्षं जेवलो आणि माझी आई कधी जेवते हे मी पाहिलेलं नव्हतं, पाहायचं नसतं हेही विसरलो होतो.

दुसऱ्या ठिकाणी: "पंचफुला येत न्हाई आता. भाईरूनच ताट घेऊन जाती. बहात्तरच्या दुष्काळात आमी संगं खडी फोडली, मल्लू. तू तिच्या मांडीवर झोपायचास. इचारलं तर तुझी डबी तिला अनोळखी म्हणती." माझ्या आवाजानं उत्तर दिलं, मी बघतो अव्वा. खाली शेरा, "पंचफुलाबाईंचा चेहरा जोडण्याचे आश्वासन दिले. कृपया पुष्टी करा." तारीख २९ ऑक्टोबर. तो चेहरा मी का जोडला नाही हे मला ऑगस्टमध्येच माहीत होतं. उज्वलानं विचारलं तेव्हा मी गुणांच्या आड लपलो.

अठ्ठावीस वर्षांत नोटीस न देता मी कुणाचा एक गुंठा मोजला नाही. अव्वाला मी पाच महिने मोजलं. तिला सांगितलं काय, तर चोरांसाठी आहे.

उज्वलाला सगळं वाचून दाखवलं. तिनं उठून माझी पिशवी भरली.

२१ डिसेंबर, रविवार, गावी

सकाळी साडेदहाला पोहोचलो. वाटेत तीन जणांनी नमस्कार घातला आणि चौथ्यानं विचारलं, पोलिसांना घेऊन आलाव का. बरोबर आहे त्याचं.

अव्वा ओट्यावर होती. मी पाया पडलो. काय बोलायचं ते बसमध्ये पाच तास जुळवलं होतं. चुकलो, एवढं म्हणालो. तिनं माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि प्रवासात काही खाल्लं का ते विचारलं.

बिंदगं कोणी नेलं, मी विचारलं. पहाटेपासून आठ वाजेपर्यंत तिनं माझी वाट पाहिली होती. मग आनंदराज आला. "तो म्हणाला, मावशी, आमी पूजा करत न्हाई, पण ओझं उचलायला काय झालं? अनवाणी नेलं रं त्यानं." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा फुटला.

मी पाना घेऊन स्वयंपाकघरातला आणि न्हाणीपुढचा कॅमेरा काढला. भिंतीला भोकं राहिली, ती ओल्या चुन्यानं बुजवली. मग देवळीतल्या डबीकडं वळलो, तर अव्वा मागून म्हणाली, "ती राहू दे."

मी तिला सांगू लागलो, अव्वा, तो मी नव्हतो, ते यंत्र होतं, मी तुला फसवलं. तिनं मला मध्येच थांबवलं. ती सुपारी कातरत होती, खाली बघूनच बोलली.

"मला काय कळत न्हाई का? दुसऱ्या दिशीच कळलं. तू बोललास की दोन गोष्टींत म्हणतोस, बरं, ठेव. ह्यो कधी ठेव म्हणाला न्हाई. मी बोलत जायची, ह्यो ऐकत जायचा. तुझ्या लहानपणाचं मीच ह्याला सांगितलं सगळं."

मग येळवशीची तयारी का केलीस, मी विचारलं. माहीत होतं तर?

"फोनवर तूच हो हो म्हणालास. म्हणलं, ह्यो माझं एवढं ऐकतो, तर तुला निरोपबी दिला आसंल."

दिला होता, मी म्हणालो. त्यानं दिला होता. मी वाचला नाही.

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सुपारी कातरत राहिली, आणि मला वाटलं की गेली कित्येक वर्षं ती अशीच माझ्यावर रागवायचं सोडून देत आली आहे. लाज म्हणजे काय हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

जेवायला तिनं तीन ताटं वाढली. एक माझं, एक देवळीसमोर, एक तिचं. येळवशीचे उरलेले उंडे आणि डाळी-भाज्यांची भज्जी होती. मी म्हणालो, अव्वा, आज माझ्याबरोबर बस. बसली, पण सवयीनं माझ्याकडं पाठ केली, आणि तोंड आपसूक डबीकडं झालं. डबी माझ्या आवाजात म्हणाली, अव्वा, आज उशीर झाला जेवायला. ती म्हणाली, हाव, पाव्हणे आलेत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. "घरात अनोळखी व्यक्ती: १. चार गुण कमी. ही व्यक्ती ओळखीची आहे का? घरातील ज्येष्ठांना विचारा."

सगळ्या घरादाराला मी यंत्रात बसवलं होतं, पण माझा चेहरा कधी जोडलाच नव्हता. इथं मी येणार कशाला, असंच तेव्हा गृहीत धरलं असावं.

काय म्हणतंय, अव्वानं विचारलं. पाच महिन्यांत त्या फोनवरचं मी तिला काहीच वाचून दाखवलं नव्हतं. आज अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, अनोळखी व्यक्तीसकट. आणि विचारलं, जोडू का, अव्वा?

तिनं घास संपवला, हात धुतला. डोक्यावरचा पदर मागं सारला.

"आधी पंचफुलाचा लाव," ती म्हणाली. "तुझं मग बगू."

मी पंचफुलाबाईंना विचारायला त्यांच्या दाराशी निघालो.